जांभ्याच्या भिंतींचं ऑफिस: मेश की केबलवरचे अ‍ॅक्सेस पॉइंट?

रत्नागिरी-मालवणकडच्या जुन्या घरात थाटलेलं चार खोल्यांचं ऑफिस, आणि वायफायचा सगळा भार एकाच राउटरवर. बदलायचं ठरलं की दोन वाटा.

वायरलेस मेश, म्हणजे एकमेकांशी हवेतूनच बोलणारे वायफायचे डबे, अर्ध्या तासात चालू होतं, भिंत फोडावी लागत नाही. भाड्याच्या जागेत हे मोठंच सुख. पण जांभ्याची भिंत जाड, पावसाळ्यात ओल धरलेली. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भिंतींपलीकडे लुळा पडतो. त्यात लॅपटॉपशी आणि पुढच्या डब्याशी एकाच रेडिओवरून ये-जा झाली की प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा.

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे केबलने जोडलेला वायफायचा डबा. त्याला कॅट-६ ची (नेटवर्कची) एकच केबल, वीजही तिच्यातूनच. ती वीज स्विच देतो, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा. केबलमधून वीज देण्याच्या ८०२.३एएफ मानकाचा स्विच पोर्टमागे १५.४ वॅट देतो, ८०२.३एटीचा ३० वॅट. पॉइंटची गरज आधी बघा, सगळ्या पोर्टची बेरीजही. स्विच, राउटर आणि फायबरचा डबा एका यूपीएसवर ठेवला की लाइट गेली तरी काम थांबत नाही. केबल मात्र अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर व्होल्टेज खाते, पॉइंट मध्येच रीस्टार्ट होतो आणि शिव्या पॉइंटला बसतात. लांबी १०० मीटरच्या आत. खाऱ्या हवेत उघड्या जॅकच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून जोड बंद डबीत.

२.४ गिगाहर्ट्झवर पॉइंटांना एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६, ११ वाटून द्या. सिग्नलची पॉवर मध्यम ठेवा, नाहीतर लॅपटॉप लांबच्याच पॉइंटला चिकटून बसतो.

वर्षभराचाच भाडेकरार असेल तर मेश चालेल. अंगणापलीकडच्या खोलीला मात्र तांब्याची केबल नकोच, फायबर टाका. मृगातली वीज स्विचसकट सगळं जाळते.