सोळा महिने वापरलेला असेंबल्ड डेस्कटॉप: सगळं चांगलं, पण सकाळी चालू होईना

एप्रिल २०२४ मधल्या पाडव्याला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यासाठी हे मशिन जुळवून घेतलं. बाराव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच ६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, बावीस इंची मॉनिटर. सगळं मिळून तीस हजार. आमची हळदीची अडत आहे. टॅलीतले हिशोब, शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे माल विक्रीची बिलं, जीएसटी, एवढंच काम. त्याला हे मशिन पुरून उरतं. विंडोज पंधरा सेकंदांत समोर येतं, प्रिंटर कधी अडला नाही, मॉनिटर उत्तम. वेगाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते चालू होण्याबद्दल.

डिसेंबरच्या शेवटी थंडी पडली आणि एका सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. बीप नाही, काही नाही. पाच सेकंद बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. तेच. सातव्या वेळेला चालू झालं आणि मग दिवसभर बिनतक्रार चाललं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वेळेला चालू. तिसऱ्या दिवशी परत तेच. कायमचं दुखणं धरून बसलेला माणूस परवडतो, पण कधी दुखतं कधी नाही असं मशिन परवडत नाही. दुकानात नेलं की ते पहिल्या फटक्यात चालू होतं आणि आपण खोटे पडतो.

जानेवारीत नवी हळद यायला लागली आणि मला घाम फुटला. सौदा झाला, काट्यावर माल तोलला की शेतकऱ्याला पट्टी लागते. रायबागकडचे एक आजोबा टेम्पो लावून उभे होते. मी बटण दाबतोय, बंद करतोय, दाबतोय. शेवटी तेच म्हणाले, "मालक, हातानं लिवा की. गाडीवाला थांबाय तयार न्हाई." हातानं लिहून दिली. बेरजेत चूक होऊ नये म्हणून तीन वेळा तपासली.

दुकानदाराचा पोरगा आला. त्यानं रॅम काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला, परत बसवली, मशिन चालू. "झालं काका, कार्बन धरला होता." तीनशे रुपये. मीही खूश होतो, कारण हा इलाज खोटा नाही. रॅमच्या संपर्काला थर धरला तर नेमकी अशीच लक्षणं दिसतात. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की रॅमच होती. दोन दिवसांनी सकाळी परत काळा पडदा.

मग सुरू झाली ती ढकलाढकली. दुकानातून फोनवर सांगितलं, विंडोज नव्यानं मारावं लागेल. मी म्हणालो, अहो, विंडोजपर्यंत पोचतच नाही ते! बोर्डाचा लोगोसुद्धा येत नाही, तिथं विंडोजचा काय संबंध? तरी नेलं, कारण दुकानाची वॉरंटी पाडव्यापर्यंत होती आणि त्यांनी सांगितलेलं केलं नाही असं नंतर ऐकायला नको होतं. पाचशे रुपये आणि टॅलीचा डाटा परत बसवण्यात एक दुपार गेली. चार दिवसांनी परत तेच. आता म्हणाले, बोर्ड गेला असणार, कंपनीकडे पाठवू, पंधरा-वीस दिवस लागतील. ऐन हळदीच्या सीझनमध्ये वीस दिवस!

मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्याला एसएमपीएस म्हणतात. मी विचारलं, "एसएमपीएस तपासला का?" दुकानदार म्हणाला, "फॅन फिरतोय ना? फॅन फिरतोय म्हणजे एसएमपीएस ओके."

या एका वाक्यानं माझे दीड महिने खाल्ले. म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो. पंखा फिरायला नुसते बारा व्होल्ट लागतात, आणि तेही नेमके असायची गरज नाही. साडेदहावर आले तरी तो फिरतोच. बोर्डाला लागतात बारा, पाच आणि ३.३ असे तीन वेगळे व्होल्टेज, आणि ते ठरलेल्या मर्यादेत. बाराचे ११.४ ते १२.६, पाचचे ४.७५ ते ५.२५. हे सगळे जागेवर आले की एसएमपीएसची करडी वायर बोर्डाला निरोप देते. त्या निरोपाशिवाय प्रोसेसर उठत नाही. पंखा मात्र मजेत फिरत राहतो. दुकानात एसएमपीएस तपासतात तो कसा, तर चोवीस पिनच्या कनेक्टरात हिरवी आणि काळी वायर तारेनं जोडायची आणि पंखा फिरला की चांगला म्हणायचं. या तपासणीत बोर्डाचं ओझंच नसतं. रिकाम्या टेम्पोनं घाट चढला म्हणून तो दहा टन चढवेल असं यार्डातला कुठलाही ड्रायव्हर म्हणणार नाही.

पण हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मशिन कंपनीकडे पाठवलं नाही, एवढंच केलं. आणि रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीच्या, शेवटच्या पानावर रोज नोंद घालायला लागलो: तारीख, कितव्या वेळेला चालू झालं, आदल्या रात्री काय केलं. आम्हाला दुसरं काय येतं? हिशोबच येतो.

मधेच एक वेगळी गोष्ट निघाली. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत. यार्डातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजलं, तर अकरा व्होल्ट. एक-दोन व्होल्टच्या वर जायला नको असतात. अर्थिंग चांगली नसली की एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो, त्या मुंग्या त्याच. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. मीठ-कोळसा भरला, पाणी सोडलं, जोड घासून परत आवळला. मुंग्या गेल्या. मला वाटलं, सापडलं! चार जणांना सांगूनही टाकलं की असेंबल्ड मशिन अर्थिंगशिवाय लावू नका, सगळा घोळ त्याचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या वेळेला चालू झालं. अर्थिंगचं काम करायलाच हवं होतं, पण हा आजार त्याचा नव्हता.

त्याच आठवड्यात एका पट्टीवर तारीख छापली गेली १ जानेवारी २०२२. शेतकऱ्यानं ती परत आणून दाखवली तेव्हा कळलं. नेट यायच्या आत छापल्यामुळे घड्याळ दुरुस्त झालं नव्हतं. बोर्डावरच्या बटण-सेलचे तीन व्होल्ट हवेत, ते २.६ निघाले. तीस रुपयांचा सीआर २०३२ बसवला, तारीख जागेवर राहिली. हेही वेगळंच दुखणं होतं. एका मशिनला एकाच वेळी तीन आजार होते आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की मूळ सापडलं.

एकवीस दिवसांच्या नोंदी झाल्यावर मी पान उघडून बसलो. सोमवारी हमखास त्रास. मधल्या दोन सकाळी पहिल्या वेळेला चालू, आणि त्या दोन्हींच्या आदल्या रात्री मेन स्विच बंद केलेला नव्हता. एकदा कॅमेऱ्याचा माणूस आला होता म्हणून, एकदा अण्णा गावाला गेले होते म्हणून. अण्णा रोज संध्याकाळी गाळा बंद करताना मेन स्विच खाली ओढतात. वीजबिलही वाचतं आणि वळवाच्या दिवसांत विजेची भीती नाही. शेजारच्या गाळ्यातला मोडेम असाच कडकडाटात गेला होता.

म्हणजे मशिन रात्रभर वीज मिळाली तर सकाळी चालू होत होतं आणि वीज तोडली तर नाही. बटण बंद असलं तरी एसएमपीएसमधला एक छोटा भाग जागा असतो. त्याचे पाच व्होल्ट जांभळ्या वायरीतून बोर्डाला अखंड मिळतात. बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते याच पाच व्होल्टच्या जोरावर.

साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला. सोमवारी सकाळी आठला गाळ्यात एकटाच आलो. कॅबिनेटची बाजू उघडली तर आत सगळीकडे पिवळी भुकटी. हीट सिंकच्या पात्यांत, पंख्याच्या काठांवर, रॅमच्या खाचेशीसुद्धा. बोट फिरवलं तर बोटाला हळद लागली. मीटरची काळी पिन काळ्या वायरीच्या भोकात, लाल पिन कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीत घातली, भिंतीवरचा स्विच चालू केला. ४.२१. बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. बघत बसलो. दोन मिनिटांनी ४.३०. मग ४.४८. काट्यावर पोतं ठेवल्यावर आकडा हलत हलत स्थिर होतो तसा तो इंचाइंचानं वर चढत होता. बारा-तेरा मिनिटांनी ४.८८ वर गेला. तेव्हा बटण दाबलं. पहिल्याच वेळेला चालू.

मी तिथं फरशीवर बसलेलो होतो, आणि इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. सातव्या-आठव्या वेळेला ते का चालू होत होतं तेही कळलं. बटण दाबल्यानं काहीच होत नव्हतं. तेवढ्या वेळात एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती सारखी ठेवणारे छोटे भाग, गरम होत होते. या कपॅसिटरांत ओलसर रसायन असतं. उष्णतेनं ते वर्षानुवर्षं सुकत जातं, हलक्या मालात फार लवकर, आणि उतरलेला कपॅसिटर थंडीत आणखी आडमुठा होतो. डिसेंबरात सुरुवात झाली ती म्हणून. त्यात हळदीच्या धुळीनं हवा कोंडलेली, म्हणजे उन्हाळाभर आत भट्टी. धुळीचा भाग माझा अंदाज आहे, पण आकडा अंदाज नव्हे.

मोबाईलवर तो आकडा चढताना व्हिडिओ काढला आणि दुकानात गेलो. दुकानदारानं बघितला, परत बघितला. मग बिल मागितलं. बिलावर लिहिलं होतं, "कॅबिनेट विथ एसएमपीएस, १९००." तो म्हणाला, "कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसला वॉरंटी नसते."

या ओळीवर आमची अर्धा तास वादावादी झाली. प्रोसेसरला तीन वर्षं, बोर्डाला तीन वर्षं, आणि या दोघांना रोज जेवू घालणाऱ्या डब्याला काहीच नाही? एकोणीसशेतला पत्रा, पंखा, बटणं वजा केली तर एसएमपीएस किती रुपयांचा उरतो? वर लेबल मात्र ४५० वॉटचं. मी आवाज चढवला हे खरं आहे. आठशे रुपये रॅम आणि विंडोजच्या नावाखाली घेतले होते तेही मी बोलून दाखवलं. शेवटी त्यानं त्याच जातीचा दुसरा एसएमपीएस काढून दिला आणि पाचशे परत केले. तो एसएमपीएस मी घेतला, पण बसवला नाही. माळ्यावर ठेवलाय, अडीअडचणीला.

दुसरीकडून ८० प्लस प्रमाणपत्राचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), पाच वर्षं वॉरंटीचा, ४५० वॉटचा एसएमपीएस सव्वीसशेला घेतला. अण्णांना किंमत सांगितली तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधीच का न्हाई घेतलास?" आधीच घेतला असता तर मशिन थोडं महाग पडलं असतं, एवढंच. तेवढे पैसे वाचवले आणि दीड महिना घालवला, वर रायबागच्या आजोबांना उन्हात उभं केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नवा बसवल्यावर जांभळी वायर सकाळी, मेन स्विच रात्रभर बंद असताना, थेट ५.०५ दाखवते. स्विच टाकल्या क्षणी. मधे मी अण्णांना विनवलं होतं की स्विच चालूच राहू दे, दोन वॉट धरले तरी बारा तासांप्रमाणे महिन्याला पाऊण युनिटसुद्धा होत नाही. आता तसं म्हणत नाही. विजेच्या भीतीचं त्यांचं बरोबर आहे, आणि चांगल्या सप्लायला रात्री उपाशी राहिल्यानं काही होत नाही. रोज रात्री स्विच खाली.

धुळीसाठी महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो, सीझनमध्ये दर रविवारी. ब्लोअर मारताना पंख्यात काडी अडकवून तो धरून ठेवायचा, नाहीतर वाऱ्यानं भिरभिरून त्याचं बेअरिंग जातं. एक कळकळीची विनंती: एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहतात. मी बाहेरून जांभळी वायर मोजली, तेवढं पुरलं.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑगस्ट २०२५ पर्यंत एकही सकाळ चुकलेली नाही. अख्खा पावसाळा गेला, गाळ्यात ओल आली, तरीही. मशिनला आता मी मनापासून चांगलं म्हणतो, आणि दुकानदाराबद्दलचा राग बराच निवळलाय. तो वाईट माणूस नाही, त्याला शिकवलेलीच तपासणी तो करत होता.

परवा पलीकडच्या गाळ्यात नवीन मशिन आलं. चहाला गेलो तेव्हा बिल बघायला मागितलं. तीच ओळ, "कॅबिनेट विथ एसएमपीएस." त्यांच्याच फोनवरून दुकानात बोललो, ओळीच्या दोन ओळी करून घेतल्या, एसएमपीएस बदलून घेतला आणि त्याच्यापुढे वॉरंटीची वर्षं लिहून घेतली. नऊशे रुपये वाढले. शेजाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा मी रोजमेळाचं ते शेवटचं पान आणून त्यांच्यासमोर ठेवलं.