घर कायमचं सोडताना व्हॅक्यूम बॅगा: जागा वाचते, वजन नाही

घर कायमचं सोडायचं आणि हाती दोनच सुटकेस, अशा वेळी व्हॅक्यूम बॅगा, म्हणजे आतली हवा काढून कपडे दाबायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, घ्याव्यात का? घ्याव्यात, पण मोजक्याच, आणि काय न्यायचं हे पक्कं ठरल्यावर. आधी आणल्या तर हमखास फसगत होते. हवा काढली की कपड्यांचा ढीग बसतो, सुटकेसमध्ये जागा दिसते आणि ‘हेही मावेल’ म्हणत सामान वाढत जातं. वजन मात्र तसूभरही घटलेलं नसतं. पुष्कळ विमान कंपन्यांची इकॉनॉमीतली मर्यादा एका बॅगेला 23 किलो असते. ठासून भरलेली मोठी सुटकेस ती सहज ओलांडते, आणि मग काउंटरसमोर, मागे रांग खोळंबलेली असताना, आयुष्यभराच्या वस्तूंतली कोणती मागे टाकायची ते ठरवावं लागतं. ती वेळ कुणावर येऊ नये. निवड घरीच, हातात धरायचा वजनकाटा घेऊन करा. मोठी सुटकेस रिकामीच 3 ते 5 किलो भरते, तेही धरा.

खरा उपयोग फुगीर पण हलक्या वस्तूंना: लोकरीचे स्वेटर, पिसं भरलेलं जाकीट, पॉलिएस्टरची रजई. कापूस भरलेली रजई कमी दबते आणि वजन खाते. ती आईच्या हातची असेल तर जरूर न्या, फक्त तिच्या बदल्यात काय सोडणार ते आधी ठरवा. जीन्स, चादरी यांना बॅग वापरून फारसं काही साधत नाही.

प्रकार दोन. झडपेच्या बॅगेतली हवा पंपाने खेचायची. ती मोठी असते आणि जास्त दाबते. दुसरी गुंडाळायची, तिच्या तळाच्या पट्टीतून हवा फक्त बाहेर पडते, आत येत नाही, पंप लागत नाही. प्रवासाला दुसरीच बरी. तपासणीत बॅग उघडली गेली तर सामान फुगतं आणि सुटकेस बंद होत नाही. गुंडाळायची बॅग गुडघ्याखाली दाबून तिथल्या तिथे पुन्हा बसवता येते.

बॅगेत हवा परत शिरते ती बहुधा झिपमधून. खोबणीत एखादा लोकरीचा धागा अडकला तरी पुरतं. झिप लावण्याआधी खोबण कोरड्या फडक्याने पुसा, सरकपट्टी दोनदा फिरवा, भरण्याच्या रेघेवर जाऊ नका. कपड्यांचे हूक आणि चेन आतल्या बाजूला वळवा, नाहीतर प्लास्टिकला भोक पडतं. कपडे दमट असतील तर ओल आत कोंडून बुरशी धरते.

फोटो यात घालूच नका. दाब आणि दमटपणा एकत्र आले की त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवताना चेहरेच निघून येतात. ते मधे आम्लरहित कागद घालून कडक पुठ्ठ्यात, कागदपत्रांसोबत हातातल्या बॅगेत ठेवा. चामडं आणि मणीकाम यांनाही हा दाब सोसत नाही.

कुणाच्या अंगाचा वास असलेली शाल न्यायची असेल तर न धुता, पण पूर्ण कोरडी करून, वेगळ्या छोट्या बॅगेत भरा आणि तिच्यातली हवा खेचू नका. प्लास्टिकमधून वास हळूहळू जातोच, तरी काही काळ टिकतो.

एका माणसाला गुंडाळायच्या मध्यम आकाराच्या तीन बॅगा पुरतात. पोचल्यावर त्या लगेच उघडा. पिसांचं जाकीट महिनोन्‌महिने दाबून राहिलं तर पुन्हा नीट फुलत नाही.