डोडॅफचं डीएम-२ : कुठे उपयोगी पडतं, कुठे अडतं

एकाच मोहिमेसाठी दोन कंत्राटदारांनी काढलेल्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे माणसं, यंत्रणा आणि त्यांच्यातली देवाणघेवाण यांच्या रचनेच्या, आकृत्या शेजारी ठेवल्या, की पहिला घोळ शब्दांचा निघतो. एकाच्या कागदावर ‘सिस्टीम’ म्हणजे अख्खं हेलिकॉप्टर, दुसऱ्याच्या कागदावर त्यात बसवलेला रेडिओ. एकाचा बाण म्हणजे संदेश, दुसऱ्याचा बाण म्हणजे केबल. दोन्ही आकृत्या सुबक असतात, पण दोन्ही मिळून एका साध्या प्रश्नाचं उत्तर काढायला बसलं की काहीच हाती लागत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्किटेक्चर आराखड्यातलं, म्हणजे डोडॅफमधलं, डीएम-२ हे मेटामॉडेल (आकृत्यांत कोणत्या संज्ञा आणि कोणते संबंध वापरायचे हे ठरवणारा साचा) याच दुखण्यावरचा इलाज म्हणून आलं. डोडॅफ २.० सोबत मे २००९ मध्ये ते बाहेर पडलं. ऑगस्ट २०१० मधल्या २.०२ या आवृत्तीचं हे परीक्षण आहे.

याआधीचा इतिहास थोडक्यात. १९९६ साली डोडॅफचा पूर्वज असलेला पहिला सी४आयएसआर आराखडा आला, त्याच्या सोबतीला पुढे कॅडम नावाचं डेटा मॉडेल तयार झालं. कॅडम आयडेफ-१एक्स या डेटाबेस मांडणीच्या पद्धतीचं, रिलेशनल (तक्त्यांवर उभं) आणि अवाढव्य होतं. डीएम-२ ने त्याची जागा घेतली आणि आकार बराच आटोक्यात आणला. त्याहून महत्त्वाचा बदल विचारात झाला. आकृती आधी आणि डेटा तिच्या मागून, हा क्रम उलटा केला गेला. डोडॅफमध्ये आठ दृष्टिकोनांत विभागलेली ५२ मॉडेल्स, म्हणजे ठरावीक नमुन्याच्या आकृत्या आणि तक्ते, आहेत. डीएम-२ च्या हिशेबाने ही सगळी एकाच डेटाकडे बघण्याच्या खिडक्या आहेत.

हातात काय मिळतं? तीन थर. वरचा संकल्पनांचा: काम, कर्ता, संसाधन, माहिती, क्षमता, परिस्थिती, माप, ठिकाण, नियम, प्रकल्प अशा मोजक्या संज्ञा, वरिष्ठांनाही समजतील अशा. मधला लॉजिकल थर यूएमएल या आकृत्यांच्या प्रमाण भाषेत आहे. त्यात प्रत्येक संज्ञेचे पोटप्रकार आणि संबंध नेमके मांडले आहेत. खालचा थर पीईएस, म्हणजे देवाणघेवाणीसाठीची एक्सएमएल स्कीमा (फाइलीत काय कुठे असावं याचे नियम). सोबत संज्ञाकोश येतो, आणि कोणत्या मॉडेलला कोणती संज्ञा आवश्यक, कोणती ऐच्छिक हे सांगणारा मोठा तक्ता. नवख्याने सगळ्यात आधी तो तक्ता उघडावा.

इथे एक गल्लत हमखास होते, ती आधीच टाळलेली बरी. डीएम-२ चे हे तीन थर वेगळे आणि डोडॅफमधली डीआयव्ही-१, डीआयव्ही-२, डीआयव्ही-३ ही मॉडेल्स वेगळी. डीआयव्ही मालिकेत तुमच्या मोहिमेतल्या माहितीची रचना येते: जखमीची नोंद, दारूगोळ्याचा साठा, वगैरे. डीएम-२ मध्ये आर्किटेक्चरचीच रचना असते. दोन्हींत ‘कन्सेप्च्युअल, लॉजिकल, फिजिकल’ अशीच उतरंड असल्यामुळे लोक डीएम-२ चे तुकडे उचलून डीआयव्ही-२ म्हणून सादर करतात.

आता पायाबद्दल. हाच या उत्पादनातला सर्वात मोलाचा भाग आहे आणि सर्वात कमी वाचला जाणाराही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून आयडियाज नावाचा पाया रचला. बोरो ही पद्धत त्याच्या मुळाशी आहे. त्यातला मुख्य नियम असा: वस्तू म्हणजे अवकाश आणि काळ मिळून तिने व्यापलेला पसारा. दोन नोंदींचा पसारा तंतोतंत एकच असेल, तर नावं कितीही वेगळी असोत, वस्तू एकच.

ऐकायला हे तत्त्वज्ञान वाटतं, पण काम अगदी रोजचं करतं. एचएच-६०एम ब्लॅक हॉकला दोन टी-७०० इंजिनं असतात. समजा त्यातलं एक उतरवून दुसऱ्या हेलिकॉप्टरवर चढवलं. साध्या तक्त्यात इंजिनाच्या ओळीतला ‘हेलिकॉप्टर क्रमांक’ खोडून तिथे नवा येतो, आणि मार्च महिन्यात ते इंजिन कुठे होतं हे सांगायची सोय राहत नाही. चार मितींच्या मांडणीत इंजिन ही कारखान्यापासून भंगारापर्यंत पसरलेली एक वस्तू असते. मार्च ते जून हा तिचा एक काळखंड, आणि तो काळखंड पहिल्या हेलिकॉप्टरचा भाग. जुलैपासूनचा काळखंड दुसऱ्याचा भाग. जुनं काही खोडावं लागत नाही, नवी नोंद जोडली की झालं. ‘डावीकडचं इंजिन’ ही स्वतंत्र वस्तू ठरते: त्या जागी येऊन गेलेल्या वेगवेगळ्या इंजिनांच्या काळखंडांची साखळी. सुट्या भागांचा माग, तुकड्यांची पुनर्रचना, एकाच माणसाने बदलत गेलेल्या भूमिका, हे सगळं याच एका युक्तीने सुटतं.

नाव आणि वस्तू यांची फारकत हीही तितकीच कामाची. नाव ही वेगळी नोंद असते आणि ती एखाद्या नामपद्धतीशी बांधलेली असते. साठा-यादीतलं नाव, वैमानिकांच्या तोंडचं नाव आणि कारखान्याचा भाग क्रमांक, तिन्ही एकाच वस्तूला लावता येतात. ‘खरं नाव कोणतं’ यावर बैठका घालवायची गरज उरत नाही.

वापर कसा करायचा हे पाहायला अमेरिकी लष्करातली जखमींना हवाईमार्गे हलवण्याची प्रक्रिया घेऊ. डोडॅफची सहा पायऱ्यांची पद्धत अशी: उपयोग ठरवा, व्याप्ती ठरवा, लागणारा डेटा ठरवा, तो गोळा करून जुळवा, विश्लेषण करा, निष्कर्ष मांडा. बहुतेक चमू पहिली पायरी एका वाक्यात उरकतात, आणि तिथेच पुढचे महिने वाया जातात. उपयोग प्रश्नाच्या रूपात लिहा: ‘विनंती निघाल्यापासून हेलिकॉप्टर उडेपर्यंत वेळ कुठे जातो?’ या प्रश्नाला क्षमतांची अख्खी वर्गवारी लागत नाही. पाच-सहा कामं, तीन-चार कर्ते, एक संदेश, एक माप आणि दोन परिस्थिती एवढं पुरतं.

आधी एव्ही-२, म्हणजे संज्ञांचा कोश भरावा. विनंती तयार करणं, ती तपासून मंजूर करणं, दल रवाना करणं, जखमीला उचलणं, रुग्णालयाच्या हवाली करणं ही कामं. तुकडीतला वैद्यकीय सहायक, कमांड पोस्ट, हेलिकॉप्टर दल हे कर्ते. संदेश म्हणजे प्रसिद्ध नऊ ओळींची विनंती. पहिल्या ओळीत उचलायचं ठिकाण, दुसरीत रेडिओची वारंवारता आणि कॉल साइन (रेडिओवरचं ओळख-नाव), तिसरीत निकडीनुसार जखमींची संख्या, चौथीत लागणारी खास साधनं, पाचवीत स्ट्रेचरवरचे किती आणि चालू शकणारे किती.

या संदेशात एक खाच आहे आणि मॉडेलची खरी परीक्षा तिथेच होते. पहिल्या पाच ओळी पोहोचल्या की हेलिकॉप्टर निघू शकतं. उरलेल्या चार ते वाटेत असताना पाठवता येतात. नऊ ओळी मिळून एकच संसाधन दाखवलं, तर ‘दल रवाना करणं’ हे काम नवव्या ओळीसाठी ताटकळलेलं दिसतं आणि वेळेचं सगळं गणित चुकतं. म्हणून संपूर्ण विनंती हा पूर्ण घटक आणि ‘पहिल्या पाच’ व ‘उरलेल्या चार’ हे त्याचे भाग, असं मांडायचं. रवानगीच्या कामाला फक्त पहिला भाग जोडायचा. पूर्ण-भाग हा संबंध डीएम-२ च्या पायातच असल्यामुळे त्यासाठी वेगळी कसरत करावी लागत नाही.

यानंतर संबंध. डीएम-२ मध्ये कर्त्याकडून कर्त्याकडे थेट बाण नसतो. सहायक ‘विनंती तयार करणं’ हे काम करतो, त्या कामातून संदेश निघतो, तो संदेश ‘विनंती तपासणं’ या कामात खर्ची पडतो, आणि ते काम कमांड पोस्ट करतं. ओव्ही-२ (कोण कोणाला काय देतं याची आकृती) मधली रेघ या साखळीतून आपोआप निघते, ओव्ही-३ चा देवाणघेवाणीच्या तपशिलांचा तक्ता आणि ओव्ही-५बी ही कामांच्या प्रवाहाची आकृती हेही तिच्यातूनच निघतात. घाई करून ओव्ही-२ वर थेट रेघ मारली, की ती निर्यातीत, म्हणजे डेटा फाइलीत काढताना, अर्धवट उतरते. ओव्ही-३ मध्ये ओळ दिसते, पण ‘कोणत्या कामासाठी’ हा रकाना रिकामा राहतो. असे रिकामे रकाने दिसले तर दोष बहुतेक वेळा टूलचा (आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरचा) नसतो, मांडणीचा असतो.

मापं भरताना कंजुषी करू नये. ‘जलद प्रतिसाद’ हे माप नव्हे. मापाचा प्रकार, एकक, मोजणी कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत, आणि कोणत्या परिस्थितीत (रात्र, डोंगराळ भाग) हे चारही हवेत. डीएम-२ मधली ‘क्षमता’ यावरच उभी आहे: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या निकषांनुसार, कामं आणि संसाधनं वापरून हवा तो परिणाम साधण्याची ताकद. परिणाम, परिस्थिती आणि माप जोडलेलं नसेल तर सीव्ही-२ या क्षमतांच्या वर्गवारीतली चौकट नुसता मथळा ठरते.

बाकीच्या ठळक चुका अशा. जुन्या सवयीने लोक ओव्ही-५ मधलं काम आणि एसव्ही-४ मधलं सिस्टीमचं कार्य अशा एकाच नावाच्या दोन नोंदी करतात. डीएम-२ मध्ये दोन्ही ‘काम’च आहेत, फरक फक्त ते कोण करतं याचा. दुसरी चूक प्रकार आणि प्रत्यक्ष वस्तू यांची सरमिसळ. ‘एचएच-६०एम’ हा प्रकार, ठरावीक शेपटी क्रमांकाचं हेलिकॉप्टर ही वस्तू. ओव्ही-४ च्या संघटना-तक्त्यात ‘कुठलीही वैद्यकीय कंपनी’ आणि ‘ती अमुक कंपनी’ शेजारी-शेजारी बसवल्या, की मनुष्यबळाची बेरीज चुकते. तिसरी, पोटप्रकार आणि भाग यांची अदलाबदल: रोटर हा हेलिकॉप्टरचा भाग, वैद्यकीय हेलिकॉप्टर हा हेलिकॉप्टरचा पोटप्रकार. आकृतीत दोन्ही रेघा सारख्याच दिसतात, त्यामुळे नजरेतून सुटतात.

पीईएसबद्दल मात्र कौतुक आवरतं घ्यावं लागतं. कल्पना उत्तम आहे: एका लिफाफ्यात आधी डेटाचा विभाग आणि मग व्ह्यूजचा (त्या डेटावरून काढलेल्या आकृत्या-तक्त्यांचा). वस्तू एकदाच नोंदवायची, व्ह्यूमध्ये तिच्या ओळख-क्रमांकाचा फक्त उल्लेख करायचा. प्रत्येक संबंध ही स्वतंत्र नोंद, तिला स्वतःचा क्रमांक, आणि पहिल्या व दुसऱ्या जागी काय आहे त्याचे दोन उल्लेख. पण स्कीमाची तपासणी फक्त रचना पाहते. ‘काम-कर्ता’ संबंधात कर्त्याच्या जागी चुकून ठिकाणाचा क्रमांक पडला, तरी फाइल वैध ठरू शकते. अर्थाची तपासणी स्वतः लिहावी लागते. त्यातल्या चार तरी चुकवू नयेत: प्रत्येक संबंधाच्या दोन्ही टोकांचा प्रकार बरोबर आहे का, कर्ता नसलेली कामं, निघालेली पण कुठेच न वापरलेली संसाधनं, एकक नसलेली मापं.

दुसरं दुखणं ओळख-क्रमांकांचं. दर निर्यातीला नवे क्रमांक पाडणारं टूल असेल, तर दोन महिन्यांपूर्वीची फाइल आणि आजची फाइल जुळवता येत नाही, आणि सामायिक मॉडेलचा हेतूच बुडतो. टूल विकत घेण्याआधी हे जरूर करून पाहावं: एकच प्रकल्प दोनदा निर्यात करा, मध्ये फक्त एक नाव बदला, आणि दोन फाइलींची तुलना करा. फरक एका ओळीचा दिसला तर टूल घेण्याजोगं. शेकडो ओळींचा दिसला तर क्रमांक टूलबाहेर, स्वतःच्या डेटाबेसमध्ये सांभाळायची तयारी ठेवा. त्यासाठी पाच तक्ते पुरतात: वस्तू, प्रकार, संबंध, नावं, मापं.

अनुरूपतेचे चार स्तर आहेत: संकल्पनात्मक, लॉजिकल, फिजिकल आणि अर्थविषयक. निविदेत नुसतं ‘डीएम-२ अनुरूप’ असं लिहून काहीच साधत नाही, कारण कोशातले शब्द वापरले की पहिला स्तर जवळपास गाठलाच म्हणायचा. स्तर लिहा, आणि कंत्राटदाराने द्यायच्या फाइलींत पीईएसचं नाव आवर्जून घाला.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्यांपुढे यूएएफ या दुसऱ्या आर्किटेक्चर आराखड्याचा पर्याय आहे. यूपीडीएम या जुन्या मॉडेलिंग मानकाच्या वंशातलं, ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं हे उत्पादन २०१७ मध्ये १.० म्हणून आलं आणि २०२२ मध्ये आयएसओ/आयईसी १९५४० हे मानक झालं. सिसएमएल या मॉडेलिंग भाषेवर उभं असल्यामुळे टूलचा आधार चांगला मिळतो. नेटोच्या नॅफ ४ या आराखड्याने तर स्वतःचं मेटामॉडेल न ठेवता यूएएफ आणि आर्किमेट ही मॉडेलिंग भाषा यांवर भिस्त ठेवली. फक्त आकृत्या आणि सिम्युलेशन हवं असेल तर यूएएफ घ्यावं. अनेक संस्थांचा डेटा वर्षानुवर्षं एकत्र करायचा असेल, तर डीएम-२ चा लॉजिकल थर आजही जास्त काटेकोर आहे.

दोन्ही वापरायचे झाले तर मूळ साठा डीएम-२ च्या धर्तीवर ठेवून त्यातून यूएएफ मॉडेल काढणं सोपं जातं. उलट्या दिशेने काळखंड हरवतात. डीएम-२ मधलं एकच ‘काम’ यूएएफमध्ये दोन ठिकाणी जातं: कर्ता ऑपरेशनल असेल तर ऑपरेशनल अॅक्टिव्हिटी, कर्ता प्रत्यक्ष संसाधन असेल तर फंक्शन. म्हणजे कर्ता न जोडलेलं काम कुठे टाकायचं हेच ठरत नाही. प्रत्यक्ष वस्तू ‘अॅक्च्युअल’ हे विशेषण लावलेल्या घटकांत जातात, प्रकार साध्या घटकांत. ही विभागणी करणारी स्क्रिप्ट पहिल्या महिन्यातच लिहून ठेवावी, साठा लहान असेपर्यंत तिच्यातल्या चुका हाताने तपासता येतात.