घरी वापरायचं करंटचं मशीन: डी ८ च्या पेशंटचा अनुभव

मी वापरतोय ते मशीन दोन चॅनेलचं, तळहातावर मावणारं मसल स्टिम्युलेटर, म्हणजे करंटने स्नायू आखडवणारं यंत्र आहे. दोन वायरी, चार चिकट पॅड, बॅटरीवर चालतं. किंमत साडेसहा हजार पडली. कंपनीचं नाव देत नाही, कारण तसाच डबा वेगवेगळ्या नावांनी मिळतो. नावापेक्षा आत काय आहे ते बघून घ्या. काय बघायचं ते पुढे लिहितो.

आधी माझी हकीकत, म्हणजे माझ्याशी तुमची केस जुळते की नाही ते कळेल. गुहागर तालुक्यात आमची नारळ-सुपारीची बाग आहे. नारळ पाडताना माडावरून पडलो. पाठीचा आठवा मणका, डॉक्टरांच्या भाषेत डी ८, कम्प्लीट. बेंबीच्या वर चार बोटांपासून खाली काही कळत नाही आणि काही हलत नाही. पण माझे पाय लुळे नाहीत, कडक आहेत. अंगावरची चादर ओढली तरी ताठ होतात, रात्री उडतात. हे एवढ्यासाठी सांगतो, की हे मशीन तुम्हाला चालणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

फिजिओ मॅडमनी मला समजावलं ते असं. मशीनचा करंट सरळ स्नायूला हलवत नाही. तो स्नायूत शिरणाऱ्या नसेला जागं करतो आणि नस स्नायूला आखडायला लावते. म्हणजे मज्जारज्जूतल्या त्या नसेच्या पेशीपासून स्नायूपर्यंतचा रस्ता शाबूत हवा. माझी इजा वर आहे. मांडीच्या नसा ज्या पेशींतून निघतात त्या इजेच्या खाली, धडधाकट आहेत. मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही इतकंच, म्हणून बाहेरून दिलेला करंट त्या घेतात. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो, त्याच्या खाली नुसता नसांचा झुबका असतो. तिथे मार लागला तर नसच मेलेली असते, पाय लुळे पडतात, मांडी महिन्याभरात सुकते. अशा स्नायूला घरगुती मशीनचा मायक्रोसेकंदांचा (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा) झटका पुरत नाही. त्याला कितीतरी पटीने लांब झटका लागतो, ज्याला फिजिओ गॅल्व्हॅनिक म्हणतात, आणि तो घरगुती मशीनमध्ये नसतो.

रुग्णालयात माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाचं नेमकं हेच होतं. इमारतीच्या कामावरून पडलेला, कमरेचा पहिला मणका. त्याच्या घरच्यांनी कर्ज काढून मशीन आणलं होतं. पॅड लावले, आकडा वाढवत नेला, पाय तसाच. पोराने नंतर दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. त्याला दुकानात कुणी एका शब्दाने विचारलं असतं, की बाबा, तुझे पाय कडक आहेत की लुळे, तर त्याचे पैसे वाचले असते आणि त्याहून मोठं म्हणजे त्याचं मन वाचलं असतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे: विकत घेण्याआधी फिजिओकडे जा आणि त्यांच्या मशीनने तुमच्या स्नायूवर करंट देऊन बघायला सांगा. पाच मिनिटांत कळतं. शंका असेल तर नस शाबूत आहे की नाही ते दाखवणारी एसडी कर्व्ह नावाची तपासणी करतात, तीही फिजिओथेरपीचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात होते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची जी पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे अपंगांसाठीच सगळं काम चालतं. कोकणातून जायला लांब पडतं, पण एकदा जाऊन यावं.

आता दुकान. शहरातल्या एका सर्जिकलच्या दुकानात भाऊ गेला, तर त्याच्या हातात टेन्सचं मशीन ठेवलं आणि "पॅरालिसिसला हेच नेतात" असं सांगितलं. टेन्स दुखणं कमी करण्यासाठी असतं. मुंग्या येतात, कंबरदुखीला आराम पडतो, पण स्नायू नीट आखडवायला त्याचा भरवसा नाही. डबा सारखाच, पॅड सारखेच, त्यामुळे बाहेरून ओळखू येत नाही. खोक्यावर ईएमएस किंवा एनएमईएस (स्नायू आखडवणाऱ्या मशीनची इंग्रजी नावं) लिहिलेलं आहे का बघा. आणि चार गोष्टी आपल्या हाताने बदलता येतात का ते विचारा: सेकंदाला किती झटके, झटक्याची रुंदी, किती सेकंद चालू-किती सेकंद बंद, आणि करंट हळूहळू चढवायची सोय. माझं सुरुवातीचं सेटिंग मॅडमनी लिहून दिलेलं आहे. ३५ हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद, चढायला २ सेकंद. तुमचं वेगळं असेल, माझं उचलू नका. या मशीनमध्ये हे सगळं बसवता येतं आणि करंट मिलीअँपिअरमध्ये दिसतो, एकेकाने वाढतो. याला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. काही मशीनवर नुसते १ ते २० असे लेव्हल असतात, त्यातून नक्की किती करंट जातोय ते कळत नाही. ज्याला पायात काही जाणवत नाही त्याला आकडा दिसलाच पाहिजे.

माझ्या मशीनमध्ये मसाज, रिलॅक्स, फिटनेस असे तयार प्रोग्रॅमही आहेत. ते आमच्यासाठी नाहीत. माहितीपुस्तक फक्त इंग्रजीत आहे, आणि त्यात पॅड कुठे लावायचे त्याची चित्रं एका कसरती करणाऱ्या माणसाची. लकवा झालेल्या माणसासाठी त्यात एक पानही नाही. ही या मशीनची मोठी उणीव आहे. पॅडच्या जागा मॅडमनी स्केचपेनने मांडीवर खुणा करून दिल्या आणि भावाने त्याचा फोटो काढून ठेवला. मोटर पॉइंट म्हणतात त्या जागेला. पॅड दोन बोटं इकडेतिकडे सरकला की तेवढ्याच करंटला गुडघा अर्धासुद्धा उठत नाही.

पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा मी पडवीत खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसलो होतो. पन्नासच्या पुढे आकडा गेल्यावर मांडी फुगली आणि पाय गुडघ्यातून सरळ समोर आला. आई माजघरातून बघत होती. ती तिथेच खाली बसली आणि देवाकडे बघून हात जोडले. मग बंदचे सेकंद आले आणि पाय पुन्हा खाली आला. तिला मी जवळ बोलावलं, तिचा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, आई, हे मी करत नाहीये, मशीन करतंय. ती म्हणाली, "करू दे की मशीनने. पाय तर तुझाच आहे ना?" त्या दिवसापासून पॅड लावायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे.

हे बोलणं प्रत्येक घरात एकदा स्पष्ट व्हायला हवं. पाय उठला याचा अर्थ तुटलेला रस्ता जोडला गेला असा नाही. नातेवाईक मोबाईलवर व्हिडिओ पाठवतात, बघ हा माणूस चालतोय. त्यातले बरेच मज्जारज्जूवर ऑपरेशन करून बसवलेल्या इम्प्लांटचे असतात, ते वेगळं शास्त्र आहे. आणि चिकट पॅडच्या करंटवर चालवण्याचे प्रयोगही खरे आहेत. अमेरिकेत ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात जेरॉल्ड पेट्रोफ्स्की यांनी १९८२ मध्ये नॅन डेव्हिस या विद्यार्थिनीला संगणकावर चालणाऱ्या करंटने काही पावलं चालवलं, आणि १९८३ च्या पदवीदान समारंभात ती तशी चालत गेली. तिचे पाय अपघाताने गेलेले होते. पण तिला आधार होता आणि सोबत माणसं होती. चाळीस वर्षं उलटली तरी ती गोष्ट घरोघरी पोचलेली नाही. त्याचं एक कारण मला माझ्याच मांडीवर दिसतं. करंटने उठणारा स्नायू फार लवकर दमतो. मेंदू स्नायूच्या तंतूंना पाळीपाळीने कामाला लावतो, मशीन तेच तेच तंतू पुन्हा पुन्हा ओढतं. त्यात अशा इजेनंतर स्नायूचे तंतूसुद्धा लवकर दमणाऱ्या जातीकडे झुकतात. सुरुवातीला दहाव्या खेपेला माझा पाय निम्माच उठायचा. आता वीस मिनिटं नीट टिकतो, चालू-बंदचं अंतरही मॅडमनी कमी करून दिलंय.

मिळालं काय ते सांगतो. सुकत चाललेली मांडी थांबली आणि पुन्हा भरली. पँट पूर्वी मांडीवर लोंबायची, आता बसते. कुल्ल्यांवरही लावतो, तिथे मांस राहिलं की हाडाचा भार कातडीवर कमी येतो, आणि बेडसोअरची भीती आमच्यापैकी प्रत्येकाला चोवीस तास असते. त्यावर मशीन म्हणजे पूर्ण उपाय नाही, दर थोड्या वेळाने उचलून बसणं चुकत नाही. संध्याकाळी पावलांना यायची ती सूज कमी येते. आणि ज्या दिवशी करंट घेतो त्या रात्री पाय कमी उडतात, बायकोलाही झोप लागते. हा फायदा काही तासांचाच आहे, कायमचा नाही. काही जणांचे पाय उलट जास्त उडतात असं मॅडम म्हणाल्या, म्हणजे हे ज्याचं त्याने बघायचं. हाडं मात्र या मशीनने मजबूत होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमची पायाची हाडं उभं न राहिल्याने ठिसूळ झालेली असतात. म्हणूनच करंट चालू असताना पाय बांधून ठेवायचा नाही, कुणी दाबून धरायचा नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावलाला वजन बांधायचं नाही. जोराने आखडलेला स्नायू ठिसूळ हाड मोडू शकतो.

कातडीचं सांगायलाच हवं. आम्हाला भाजलेलं कळत नाही. पॅड काढल्यावर खाली गुलाबी रंग दिसतो, तो थोड्या वेळात जातो. गेला नाही तर त्या जागी पुढचे दिवस पॅड नाही. आमच्याकडे आईचा हात खोबरेल तेलाशिवाय चालत नाही, रोज पायांना मालिश असतंच. पण तेलकट कातडीवर पॅड एका कडेने सुटतो, मग सगळा करंट उरलेल्या तेवढ्या भागातून जातो आणि तिथे भाजतं. त्यामुळे आता आधी साबणाने पाय धुऊन पुसायचे, करंट घ्यायचा आणि मालिश त्यानंतर.

ज्यांची इजा डी ६ किंवा त्याच्या वर आहे, मानेची आहे, त्यांनी हे घरी एकट्याने सुरू करू नये. करंटने त्यांचं ब्लडप्रेशर एकदम चढू शकतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो, आणि ती वेळ जिवावरची असते. पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, तर नाहीच. छातीवर आणि गळ्यावर पॅड कुणीच लावू नये.

आमच्या काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा हेच मशीन त्यांच्याकडे नेलं. त्यांचा डावा पाय घसटतो, चवडा वर येत नाही. त्यांच्यावर याचा परिणाम माझ्यापेक्षा वेगळा आणि मला वाटतं जास्त मोलाचा दिसला, कारण त्यांच्या मेंदूचा थोडा तरी निरोप पायापर्यंत येतो. मॅडमनी त्यांना सांगितलं, नुसतं पडून करंट घेऊ नका, चवडा वर येताना तुम्हीही मनापासून उचला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नसेवर एक पॅड आणि नडगीवर एक. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी चपलेतल्या बटणावर चालणारं असं मशीन अमेरिकेत केलं होतं: टाच उचलली की करंट सुरू, टाच टेकली की बंद. तशी पायावर बांधायची यंत्रं आता मिळतात, पण महाग आहेत. काका आता अंगणात काठी घेऊन चालतात, पायरीवर पाय अडकत नाही. त्यांचे पॅड वेगळे ठेवले आहेत. एकाचे पॅड दुसऱ्याने कधी वापरू नयेत.

माझ्या मनात सायकल आहे. करंटवर पायांनी पेडल मारायची सायकल असते. २०१६ मध्ये झ्युरिकजवळ सायबॅथलॉन नावाच्या स्पर्धेत माझ्यासारख्या इजेच्या लोकांनी तिच्या शर्यती लावल्या. इथे तिची किंमत लाखांत आहे, एका घराच्या आवाक्यातली नाही. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक ठेवली तर किती जण येतील! कोकणात माडावरून, आंब्यावरून पडणारे काही थोडे नाहीत. हे मागणं मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो, तुम्हीही मांडा.

मशीनच्या टिकाऊपणाचं म्हणाल तर डबा ठणठणीत आहे. वायर मात्र पिनेपाशी तुटते. पाय मध्येच उठेनासा झाला तर स्नायूला दोष देण्याआधी वायर बदलून बघा. पॅड हा कायमचा खर्च, चाराचं पाकीट तीनशेच्या आसपास. वापरून झाल्यावर प्लॅस्टिकच्या कागदावर चिकटवून झिपच्या पिशवीत ठेवले तर जास्त दिवस जातात. आमच्या पावसात दमटपणाने त्यांचा चिकटपणा लवकर जातो, आणि आषाढात घाट बंद पडला की कुरिअर आठ-आठ दिवस येत नाही. मे महिन्यातच दोन-तीन पाकिटं जास्तीची मागवून ठेवा, आणि घेताना पिनेचं माप तुमच्या वायरीशी जुळवून घ्या.