कार्यक्रमाची प्रसिद्धी: ग्रुप, रील की फेसबुकचं इव्हेंट पेज?

कार्यक्रम ठरला, हॉल मिळाला, वक्ते हो म्हणाले, की लगेच कुणीतरी म्हणतं, "सगळीकडे टाकून देऊ." ऐकायला बरं वाटतं. पण छोट्या संस्थेत प्रसिद्धी बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात असते, आणि माईकवाल्यापासून पाहुण्यांच्या परतीच्या गाडीपर्यंत बाकीचंही त्यालाच बघायचं असतं. सगळीकडे टाकलं की कुठेच धड लक्ष राहत नाही. म्हणून खरा जोर कुठे लावायचा हे आधी ठरवलेलं बरं. व्याख्यानं, गाण्याचे घरगुती स्वरूपाचे कार्यक्रम, अभिवाचन अशा गोष्टींसाठी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, इन्स्टाग्रामची रील आणि फेसबुकचं इव्हेंट पेज या तिन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. त्यातली एक मला जास्त मानवली, ते पुढे लपणार नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. तिथला मेसेज निदान उघडला तरी जातो, आणि पाठवणारा ओळखीचा असतो. 'अमुक येतेय म्हणजे आपणही जाऊ' हा विचार कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी पडतो. मात्र मोठ्या ग्रुपवर टाकलेलं पोस्टर आणि नाव घेऊन एकेकाला केलेला मेसेज यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ग्रुपवर अंगठे मिळतात. एकेकाला विचारलं तर "बघतो, पण साडेसहाच्या आधी जमणार नाही" असं खरं उत्तर मिळतं.

ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या यादीवर, अनेकांची भिस्त असते, पण एका लिस्टमध्ये २५६ जणच मावतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोचतच नाही. म्हणजे नव्या श्रोत्यासाठी ती जवळपास निरुपयोगी. ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये १०२४ पर्यंत गेली, पण हजार माणसांच्या ग्रुपला अर्ध्याहून जास्त जणांनी म्यूट केलेलं असणार हे गृहीत धरूनच चालावं. फॉरवर्डवरही बंधन आहे: एका वेळी पाच ठिकाणी, आणि मेसेज आधीच खूप फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. अफवांना आळा घालण्यासाठी केलेली ही सोय आपल्या निरुपद्रवी पोस्टरलाही लागू होते. चॅनेलचा, म्हणजे फॉलो करणाऱ्यांना एकतर्फी मेसेज पाठवण्याचा, पर्याय २०२३ पासून आहे. मात्र तो ज्यांचे श्रोते आधीच जमलेले आहेत त्यांच्यासाठी. वर्षातून दोन कार्यक्रम करणाऱ्यानं चॅनेल काढून त्यावर बाकीचे दिवस काय टाकायचं?

इन्स्टाग्रामची गोष्ट उलटी. तिथे तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमच्यापर्यंत येऊ शकतो. गायिकेनं तालमीत घेतलेली एक जागा, म्हणजे एखादी सुरेख हरकत, वीस सेकंदांची, फोनवरच शूट केलेली, ही कुठल्याही सजवलेल्या पोस्टरपेक्षा जास्त लोकांना थांबवते. कलाकाराच्या खात्याशी कोलॅब (दोघांच्या नावानं एकत्र) पोस्ट केली तर ती दोघांच्याही फॉलोअर्सना दिसते, हा फायदा छोट्या आयोजकानं सोडू नये.

पण तारीख असलेल्या गोष्टीशी या माध्यमाचं फारसं जमत नाही, असं माझं मत. फीड, म्हणजे समोर येणाऱ्या पोस्टची रांग, वेळेच्या क्रमानं लागत नाही. तो क्रम मोडण्याचा निर्णय २०१६ चा. नंतर क्रमानं पाहायचा पर्याय परत आला, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. रील तर आपल्या सवडीनं माणसं शोधत फिरते. आज टाकलेली रील चार दिवसांनी जोर धरू शकते, आणि तोवर कार्यक्रम होऊन गेलेला असू शकतो. मग खाली "पास कुठे मिळतील?" अशी कॉमेंट येते, तिला काय उत्तर द्यायचं? कॅप्शनमधल्या लिंकवर टिचकी मारून काही उघडत नाही. 'लिंक बायोमध्ये' असं लिहावं लागतं, आणि बायोपर्यंत जाण्याचे कष्ट किती जण घेतात हे तुम्ही स्वतःवरूनच ओळखा. स्टोरीत लिंकचा स्टिकर लावता येतो, उलटी मोजणी दाखवणारा स्टिकरही आहे आणि तो कामाचा आहे, पण स्टोरी २४ तासांत जाते. मालिका चालवायची असेल, दर महिन्याला काही ना काही असेल, तर इन्स्टाग्रामवरची मेहनत साठत जाते. एकाच संध्याकाळसाठी ती मला महाग वाटते.

आता ज्या कटकटीमुळे माझा कौल ठरला ती सांगतो.

एका कार्यक्रमाची वेळ आयत्या वेळी तासभर अलीकडे आणावी लागली. कारण साधंच होतं, पाहुण्यांना परतायला उशीर होत होता. तोवर पोस्टर ग्रुपांमधून फिरायला लागलं होतं. नवं पोस्टर केलं, वर लाल अक्षरांत 'बदललेली वेळ' असं टाकलं, होतं तिथे सगळीकडे पाठवलं. पण आपण जिथे पाठवलं तिथेच ते गेलं. तिथून जुनं पोस्टर कुणाच्या मावसबहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे गेलं, त्याचा माग आपल्याला कुठला असायला? शिवाय लोक दोन्ही पोस्टरं एकाखाली एक फॉरवर्ड करायला लागले, आणि त्यातलं खरं कुठलं हे विचारणारे फोन सुरू झाले. एका सभासदानं तर चांगल्या भावनेनं जुनंच पोस्टर पुन्हा टाकलं, "उद्या नक्की या" असं लिहून. तो मेसेज दुसऱ्या दिवशीही फिरत होता, तसाच, 'उद्या'सकट. कार्यक्रम संपत आला तेव्हा काही मंडळी दारात उभी होती. त्यांतल्या एका काकूंनी फोन पुढे केला. पुन्हापुन्हा पाठवून चित्र पुसट झालं होतं, पण वेळ स्पष्ट वाचता येत होती. जुनी. त्यांची चूक नव्हती, पाठवणाऱ्याचीही नव्हती.

मेसेज पाठवल्यानंतर १५ मिनिटांत बदलता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी डिलीटही करता येतो, हे खरं. पण तो तुमचा मेसेज. दुसऱ्यानं पुढे ढकललेली प्रत तिची ती स्वतंत्र असते. एकदा हातातून सुटलेलं चित्र परत बोलावता येत नाही, आणि कार्यक्रम म्हटला की काही ना काही बदलतंच.

तेव्हापासून मी फेसबुकच्या इव्हेंट पेजकडे वळलो. "आता फेसबुकवर असतं कोण?" हे मलाही ऐकवून झालंय. प्रश्न अगदी चुकीचा नाही. पण तिन्हींमध्ये हाच एक प्रकार मुळातून कार्यक्रमासाठी केलेला आहे. त्याला तारीख कळते. वेळ किंवा जागा बदलली की ज्यांनी 'गोइंग' किंवा 'इंटरेस्टेड' दाबलंय त्यांना सूचना जाते. दिवस जवळ आला की आठवण जाते. कार्यक्रम झाला की ते मागच्या यादीत जाऊन पडतं, 'उद्या या' म्हणत हिंडत नाही. आणि लिंक कितीही जणांनी कितीही ठिकाणी पाठवली तरी उघडल्यावर आजची माहिती दिसते. सहआयोजक जोडता येतात, त्यामुळे दोन संस्था मिळून करत असतील तर दोघींच्या पेजवर तोच कार्यक्रम दिसतो, दोन वेगळी पोस्टरं नि दोन वेगळ्या वेळा असा घोळ होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्येही आता कार्यक्रम तयार करता येतो. पण तो मुळात त्या ग्रुपच्या सभासदांसाठी. बाहेरच्यांना बोलवायचं असेल तर तो अपुरा पडतो.

इव्हेंट पेजच्या उणिवा झाकत नाही. 'इंटरेस्टेड' या आकड्यावर खुर्च्या मांडू नका. ते बटण म्हणजे बहुतेकांच्या लेखी "छान आहे हं" एवढंच. 'गोइंग'वाल्यांतलेही सगळे येत नाहीत. ज्यांचं खातंच नाही त्यांना लिंक उघडल्यावर लॉगिनचा आग्रह होतो आणि काही जण तिथूनच माघारी फिरतात. आणि मुख्य म्हणजे पेज नुसतं तयार करून ठेवलं तर ते कुणाला आपोआप दिसेल या भ्रमात राहू नये. ते वाट बघत बसतं, लोकांना तिथे आणावं लागतं.

म्हणून माझी पद्धत अशी: माहितीचं घर इव्हेंट पेज, आणि तिथवर आणणारा पोस्टमन व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवर चित्राऐवजी दोन ओळी आणि लिंक टाकायची. चित्र हवंच असा आग्रह झाला (होतोच), तर चित्रावर नाव, कलाकार, फार तर तारीख. वेळ आणि जागा लिंकमध्ये. इव्हेंटच्या कव्हरवरही (पेजच्या वरच्या चित्रावर) वेळ लिहू नये, कारण लिंकसोबत जे छोटं चित्र दिसतं ते मेसेज पाठवताना तयार होतं, मागाहून बदलत नाही. "पोस्टरवर वेळ नाही?" म्हणून समितीत भुवया उंचावतात, त्यांना मी काकूंचा किस्सा सांगतो. फोनवर पाठवायच्या पोस्टरवर क्यूआर कोड छापण्याची हौस मात्र कळत नाही. ज्या फोनवर तो दिसतोय त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं तो स्कॅन कसा करायचा? भिंतीवर लावायच्या कागदावर तो ठीक.

पैसे देऊन बूस्ट करण्याबद्दल, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याबद्दल, एवढंच, की परिसर आणि वयोगट नेमका निवडलात तर थोड्या रकमेचाही उपयोग होतो. 'सगळे' निवडलं तर लाइक येतात, माणसं येत नाहीत.

तुमचे श्रोते विशीतले असतील तर माझं ऐकू नका, इन्स्टाग्रामच घ्या. फक्त रील निदान दोन आठवडे आधी सोडा आणि शेवटचे दोन दिवस स्टोरीवर लिंक ठेवा. कार्यक्रम पहिल्यांदाच होतोय, कलाकार नवखे आहेत आणि अनोळखी माणसंच हवीत, तरीही तिकडेच पारडं झुकेल. आणि तीस-चाळीस जणांची बैठक असेल तर यातलं काहीच लागत नाही. यादी काढून फोन करायला दोन संध्याकाळी पुरतात, आणि वेळ बदललीच तर पुन्हा कुणाला फोन करायचा हे त्या यादीतच असतं.