बिलावर नुसतं ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी’ लिहिलं असेल तर पैसे देऊ नका

नागपुरातल्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) असेंबल करून घेतलेल्या एका नव्या गेमिंग कॉम्प्युटरचं हे प्रकरण आहे. घेणारा हिंगणा रोडकडचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, एकूण बजेट ३५,००० रुपये. त्यातले ४,८०० ग्राफिक्स कार्डाचे. सांगितलं गेलं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, नवं कोरं, एक वर्ष वॉरंटी. निघालं जीटीएस ४५०, म्हणजे २०१० सालची चिप, आणि मेमरी १ जीबी.

दुकानाचं नाव इथे घेत नाही. बर्डीवर वर्षानुवर्षं चोख धंदा करणारे दुकानदार भरपूर आहेत, आणि हाच खोटा माल ऑनलाईनही तितक्याच सहज गळ्यात पडतो. फसवणूक नेमकी कुठल्या पायरीवर होते ते कळलं, तर काउंटरवरच अर्ध्या तासात ती पकडता येते.

सौदा झाला तो असा. पोराने विचारलं, “१०५० टीआयच आहे ना?” उत्तर आलं, “चार जीबी हाय भाऊ, जीटीए आरामात चालते. पाहा न.” आणि खरंच, समोर जीटीए ५ चालू करून दाखवली. इथेच बहुतेक जण गाफील राहतात. जीटीए ५ च्या मूळ आवृत्तीची किमान अट एनव्हिडियाचं ९८०० जीटी, १ जीबी एवढीच आहे. व्हॅलोरंट तर इंटेल एचडी ४००० वर, म्हणजे वेगळं कार्ड नसतानाही उघडते. सेटिंग खाली ओढलं की असल्या गेम जुन्या कार्डावरही धावतात. त्यामुळे दुकानात गेम चालली यावरून कार्ड कोणतं ते कळत नाही. फक्त ते बंद पडलेलं नाही, एवढंच कळतं.

मग बिल. “पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल” म्हणून साध्या पॅडवर लिहून दिलं: ‘आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ग्राफिक्स कार्ड ४ जीबी’. चिपचं नाव नाही, कंपनी नाही, सीरियल नंबर नाही. आय-५ची जनरेशनसुद्धा नाही. पुढे जे झालं त्याची पूर्ण तयारी या एका ओळीत होती.

चार दिवस मशीन ठीक चाललं. पाचव्या दिवशी विंडोजने आपणहून डिस्प्ले ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी. सेफ मोडमध्ये डिव्हाईस मॅनेजर उघडला तर कार्डापुढे पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे कार्डात बिघाड असल्याचा विंडोजचा इशारा. दुकानातून फोनवर सल्ला मिळाला की आमच्या पेनड्राइव्हमधला ड्रायव्हर पुन्हा टाका आणि विंडोज अपडेट बंद ठेवा. हा सल्ला ज्याने दिला, त्याला आतली गोष्ट माहीत होती असंच माझं मत आहे.

कारण साधं आहे. खोट्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदललेला असतो, चिप मात्र जुनीच. विंडोज बायोस सांगेल ते नाव दाखवतं. जीटीएस ४५० ही फर्मी पिढीतली चिप, आणि त्या पिढीसाठी एनव्हिडियाचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्येच, ३९१ मालिकेवर थांबले. म्हणून दुकानदार फेरफार केलेला जुना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर देतो. कंपनीचा अस्सल ताजा ड्रायव्हर आला की तो चिपशी बोलू पाहतो, समोर भलतंच काही सापडतं आणि सगळं कोसळतं. ४ जीबीचंही तेच. गेमने १ जीबीपर्यंत मेमरी वापरली तोवर ठीक; त्यापुढे गेली की रंगांचे चौकोन, पट्टे, मग थेट डेस्कटॉप. लोक याला ‘गेम क्रॅक नीट नाही’ किंवा ‘विंडोज खराब आहे’ समजतात आणि दोन-तीनदा फॉरमॅट मारत बसतात.

आता कार्ड जवळून पाहू. मागच्या पट्टीवर तीन पोर्ट होते: एचडीएमआय, डीव्हीआय आणि निळा व्हीजीए. निळा पोर्ट दिसला तिथेच हात आखडायला हवा होता. जीटीएक्स १० मालिकेच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयवर व्हीजीए नसतो. डीव्हीआय पोर्टसुद्धा नीट बघा. आडव्या चपट्या खाचेच्या वर-खाली मिळून चार बारीक भोकं असतील तर तो ॲनालॉगवाला डीव्हीआय-आय. १०५० टीआयवर ती भोकं नसलेला डीव्हीआय-डी असतो. (जीटी ७१० आणि जीटी ७३० वर व्हीजीए खरोखरच असतो, म्हणून ही खूण सरसकट सगळ्या कार्डांना लावू नका.) दुसरी खूण विजेची. खरं १०५० टीआय ७५ वॅटचं. बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, मदरबोर्डाच्या स्लॉटवरच भागतं. काही कारखान्यातून ओव्हरक्लॉक केलेल्या मॉडेलना ६ पिनची वेगळी पॉवर जोडणी असते, पण थोड्याच. या कार्डाला ६ पिन होती आणि ती मोलेक्स या जुन्या चार पिनी पॉवर प्लगमधून कन्व्हर्टर लावून जोडली होती. जीटीएस ४५० ला १०६ वॅट लागतात, म्हणून.

कूलरचे चार स्प्रिंगचे स्क्रू काढले तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली. १०५० टीआयच्या चिपवर ‘जीपी१०७’ कोरलेलं असतं. इथे ‘जीएफ१०६’ होतं. कडेला हायनिक्सच्या चार मेमरी चिप, क्रमांकाची सुरुवात ‘एच५जीक्यू२एच२४’. ही २ गिगाबिटची चिप, म्हणजे २५६ एमबी. चार गुणिले २५६, झाला १ जीबी. वरच्या प्लास्टिकवर मात्र ४ जीबीचा चकचकीत स्टिकर. काही कार्डांत चिपवरची अक्षरं घासून टाकलेली असतात, आणि तो पुरावाच समजा. विकत घेण्याआधी कूलर उघडायला कोणी देणार नाही, ते उघडल्याने वॉरंटीचं सीलही जातं. म्हणून खरी तपासणी सॉफ्टवेअरने करायची.

त्यासाठी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर आदल्या दिवशी घरूनच, त्याच्या मूळ संकेतस्थळावरून स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. स्वतःचा पेनड्राइव्ह यासाठी की खोटं कार्ड ओळखण्याची सोय २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून आली. दुकानातल्या मशीनवर त्याआधीची प्रत ठेवलेली असेल तर ती बायोसवर विश्वास ठेवून खुशाल १०५० टीआय दाखवेल. नव्या आवृत्तीत पुनर्नामित जुनी एनव्हिडिया चिप सापडली तर नावाच्या आधीच ‘फेक’ लागतं आणि कंपनीच्या लोगोच्या जागी धोक्याचा त्रिकोण येतो. तो आला नाही तरी तिथेच थांबू नका. खऱ्या १०५० टीआयसाठी शेडर (चिपमधले छोटे गणनाघटक) ७६८, बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) १२८ बिट, मेमरी जीडीडीआर५, बँडविड्थ (मेमरीचा वेग) सुमारे ११२ जीबी प्रति सेकंद हवी. जीटीएस ४५० मध्ये शेडर १९२ आणि बँडविड्थ ५८ च्या आसपास. खाली चौकटींच्या ओळीत व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीला टिक आहे का पाहा. फर्मी चिपला व्हल्कन कधी मिळालंच नाही. १०५० टीआयला ते असतंच.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: दुकानदारासमोर एनव्हिडियाच्या साईटवरून त्या कार्डाचा ड्रायव्हर डाउनलोड करून टाकायला लावा. मोबाईलचा हॉटस्पॉट पुरे. ड्रायव्हर बसला, रीस्टार्टनंतर स्क्रीन आली, कोड ४३ नाही, तर निम्मं काम झालं. मग ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी लावा आणि ती ९० टक्के मेमरीवर चालवा. खोटे ४ जीबी असतील तर १ जीबी ओलांडताच चुका दिसतील किंवा मशीन लटकेल. त्यानंतर फरमार्क हे दुसरं चाचणीचं सॉफ्टवेअर १० मिनिटं. फरमार्क मेमरी तपासत नाही, तो उष्णता आणि वीजपुरवठा तपासतो, म्हणून दोन्ही हवेत. दुकानात एसी असतो हे लक्षात ठेवा. तिथे फरमार्कवर ८० अंश दाखवणारं कार्ड आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि घरातला एअर कूलर लावूनही खोली ३५ च्या वर असताना, वेग कमी करून घेऊ शकतं किंवा बंद पडू शकतं.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. “एवढा वेळ नाही” असं ऐकू आलं तर दुकान बदला.

ही झाली उघड खोटी कार्डं. त्यापेक्षा जास्त पैसा जातो तो नावाच्या खेळात, जिथे कार्ड खोटं नसतं पण सांगितलं जातं ते अर्धंच. एएमडी कंपनीचं आरएक्स ५८० ८ जीबी ‘नवं’ म्हणून ७-८ हजारांत दिसलं तर शेडर बघा. अस्सल ५८० मध्ये २३०४, आणि २०४८ असतील तर ते मुळात ५७० च्या ताकदीचं. एएमडीनेच २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी हा २०४८एसपी प्रकार काढला होता. यातल्या कित्येक कार्डांवरच्या चिप क्रिप्टो मायनिंगच्या कार्डांतून उपसून नव्या बोर्डवर बसवलेल्या असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद केलं आणि तेव्हापासून हा माल बाजारात ओतला गेला. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण रात्रंदिवस तापलेल्या मेमरीची किंमत नव्या मालाची असू नये. पी१०६-१०० नावाचं मायनिंगसाठीचं कार्ड कुणी ‘१०६० चं भावंड’ म्हणून देत असेल तर त्याला डिस्प्लेचा पोर्टच नसतो. नव्याने गेमिंगकडे वळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जीटी १०३० मध्ये बँडविड्थ जीडीडीआर५ च्या कार्डाला ४८ जीबी प्रति सेकंद, डीडीआर४ च्या कार्डाला १६.८. खोका जवळपास सारखा, नाव तेच, मेमरीचा वेग जवळपास तिसरा हिस्सा. जीटी ७३० चे तर तीन अवतार आहेत, त्यातला एक ९६ शेडरचा फर्मी. ही दोन्ही कार्डं गेमिंगसाठी घेऊच नयेत. आरटीएक्स ३०५० घेताना ८ जीबी आणि ६ जीबी यांत फरक फक्त २ जीबीचा नाही: शेडर २५६० विरुद्ध २३०४, बस १२८ विरुद्ध ९६ बिट. ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर चालतं, त्यामुळे साध्या एसएमपीएसवाल्यासाठी (वीजपुरवठ्याचा डबा साधा असणाऱ्यासाठी) ते चांगलंच आहे, फक्त ८ जीबीच्या भावात घेऊ नका.

४-५ हजारांत नवं, चालण्याजोगं गेमिंग कार्ड येत नाही, हे मनाशी पक्कं करा. तेवढेच पैसे हातात असतील तर कार्ड सोडा आणि रायझेन ५ ५६००जी सारखा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. रॅम मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १६ ची एक नव्हे, कारण त्यातलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि एका पट्टीने वेग बराच पडतो. पुढच्या वर्षी पैसे जमले की आरएक्स ६६०० सारखं ८ जीबीचं कार्ड त्याच मशीनला लावता येतं. अस्सल १०५० टीआयसुद्धा आता घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवलं.

फसलाच असाल तर कार्ड उघडू नका. आधी जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, कोड ४३ चा फोटो, कार्डाच्या दोन्ही बाजू आणि सीलचा फोटो घ्या. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा, साध्या पॅडवरच्या बिलाला तिचाच आधार मिळतो. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, नुसता फोन नको. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि विक्रेता ऑनलाईन, दुसऱ्या राज्यातला असला तरी तुम्ही नागपूरला राहता म्हणून नागपुरातच तक्रार करता येते. ऑनलाईन मागवलं असेल तर पार्सलवरचं लेबल दिसेल असा, मध्ये न थांबवता काढलेला पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा.

त्या विद्यार्थ्याला दुकानातून जे उत्तर मिळालं ते असं: “बिलात काय लिहिलं आहे वाचा. ग्राफिक्स कार्ड चार जीबी. १०५० कुठे लिहिलं आहे?” बराच वाद घातल्यावर २,००० रुपये परत मिळाले. चिपचं नाव त्याच्याकडे कुठेच लेखी नव्हतं, आणि तेवढ्यावरच त्याला गप्प बसवण्यात आलं.

म्हणून पैसे देण्याआधी ही ओळ तशीच्या तशी लिहून मागा, खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर एकच आहे हे बघून: ‘ग्राफिक्स कार्ड, कंपनी अमुक, एनव्हिडिया आरटीएक्स ३०५०, ६ जीबी जीडीडीआर६, नवं, सीरियल नंबर तमुक, कंपनीची वॉरंटी ३ वर्षं, जीएसटीसह.’