सोव्हिएत फुटबॉल लीगचा एकच मोसम घ्यायचा तर १९७३ की १९८२?

जुना मोसम पहिल्या फेरीपासून वहीत मांडायचा, पुढचे निकाल झाकून ठेवायचे आणि टेबल आपल्या हातानं वर-खाली करायचं, असा उद्योग करणारे आपल्यात थोडेफार आहेत. सोव्हिएत लीगमध्ये त्यांचं घोडं बहुतेकदा या दोन सालांपाशी अडतं. मी दोन्ही सुरू केले. पुरा एकच झाला.

गोष्ट म्हणून १९७३ सरस. आर्मेनियातल्या येरेवानच्या अरारात संघानं कोच निकिता सिमोन्यानच्या हाताखाली लीग आणि कप दोन्ही नेले. कप फायनलमध्ये समोरचं दिनामो कीव १-० पुढे. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना कीवच्या कोचनं ब्लोखिन आणि बुर्याक या आपल्या खेळाडूंना बाहेर बसवलं. ८९व्या मिनिटाला अरारातच्या इश्तोयाननं बरोबरी केली, जादा वेळेत दुसरा गोलही त्यानंच मारला. कीवनं कोच बदलला आणि लोबानोव्स्की आले. एवढा ऐवज एका मोसमात क्वचित मिळतो.

पण माझी वही पाचव्या-सहाव्या फेरीतच रुसली. त्या एका वर्षी नियम असा होता की बरोबरी झाली की पेनल्टी; जिंकेल त्याला एक पॉइंट, हरेल त्याला भोपळा. मला मिळालेल्या निकालांच्या यादीत नुसतं '१-१' लिहिलेलं. पॉइंट कुणाच्या नावावर टाकायचा? ‘बरोबरी’चा एक रकाना खोडून दोन केले, तरी बेरीज जुळेना. एका रविवारी खोडरबरानं पान फाटलं आणि मी वही मिटली. तुमच्याकडे पेनल्टीसकट यादी असेल, तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही.

१९८२चा नियमही तिरपागडाच. ठरवून केलेल्या बरोबऱ्यांना लगाम म्हणून दहाची मर्यादा. अकराव्या बरोबरीपासून पॉइंट नाही. पण यात फक्त मोजायचं असतं. प्रत्येक संघापुढे बरोबरीगणिक एकेक काडी मारत गेलो, काम झालं. उलट संघ नवव्या-दहाव्या काडीला आला की पुढचा निकाल उघडताना हात जरा जपूनच चालायचा.

आणि शेवट! १९ नोव्हेंबर, शेवटची फेरी. कोच मालोफेयेवचं दिनामो मिन्स्क कीवच्या एका पॉइंटनं पुढे, पण सामना मॉस्कोत, स्पार्ताकच्या अंगणात. कीव, मागच्या दोन वर्षांचं चॅम्पियन, येरेवानला. कीव ३-२ जिंकलं. मिन्स्क ४-३. टेबलात ४७ आणि ४६. मिन्स्कचं हे पहिलं आणि एकमेव सोव्हिएत विजेतेपद. दोन्ही स्कोअर मी ओळीनं लिहिले आणि चहा गार झाला.

स्पेनच्या विश्वचषकामुळे मोसमाच्या मध्याला लय तुटते, हे खरं. आणि ऑक्टोबरच्या पानाशी थांबावं लागतं. २० तारखेला मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये स्पार्ताक आणि डच संघ हार्लेम यांच्या यूएफा कपच्या (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) सामन्यात जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. मृतांचा अधिकृत आकडा ६६. लीगशी संबंध नाही म्हणून मी वहीत काही लिहिलं नाही, फक्त स्पार्ताकच्या पुढच्या सामन्याआधी एक ओळ कोरी सोडली.

अरारातवर जीव असेल तर १९७३ची ती फायनल एका संध्याकाळी वेगळी वाचा. वही मात्र १९८२ची आखा, आणि काड्यांचा रकाना जरा रुंद ठेवा.